वेबसाइटवर आलेले, पण रिपोर्टात न दिसणारे: अॅड ब्लॉकरमुळे पडणारी तूट कशी मोजायची

'काल साइटवर किती जण आले' हे सकाळी चहासोबत बघायची सवय आता लातूरच्या क्लासचालकांपासून जालन्याच्या बियाणे विक्रेत्यांपर्यंत बऱ्याच जणांना लागली आहे. गुगल अॅनालिटिक्स या भेटी मोजणाऱ्या साधनातल्या त्या आकड्यावर जाहिरातीचं बजेट ठरतं, एजन्सीचं बिल मंजूर होतं, कुठलं पान ठेवायचं आणि कुठलं काढायचं तेही ठरतं. पण त्या आकड्यात फक्त तीच माणसं असतात, ज्यांच्या ब्राउझरने 'हा इथे येऊन गेला' असा निरोप गुगलच्या सर्व्हरला पोचवला. अॅड ब्लॉकर, म्हणजे जाहिराती आणि पाळत अडवणारं साधन, हा निरोपच अडवतो. माणूस येतो, वाचतो, फॉर्म भरतो, पैसेही देतो, आणि रिपोर्टात त्याचा मागमूस नसतो.

ही तूट सगळीकडे सारखी असती तर काही बिघडलं नसतं. अमुक टक्के वाढवून धरले असते आणि काम भागलं असतं. अडचण अशी की ती ठरावीक लोकांतच जास्त असते. लॅपटॉपवर काम करणारे, इंजिनिअरिंगची मुलं, पुण्यात आयटीत असलेला मोठा भाऊ जो गावाकडच्या बहिणीसाठी क्लास शोधतोय, अशी माणसं रिपोर्टातून आधी गळतात. स्वस्त मोबाइलवर क्रोम वापरणारे जवळजवळ सगळे दिसतात. म्हणजे आकडा नुसता कमी येत नाही, गिऱ्हाइकाचं चित्रच एका बाजूला झुकतं. 'कॉम्प्युटरवरून कुणी येतच नाही' असं समजून मोठ्या स्क्रीनवरचं पान दुर्लक्षित ठेवलेल्या साइट्स मी आपल्या भागात पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांच्या प्रवेश रजिस्टरमध्ये मात्र लॅपटॉपवरून फॉर्म भरणाऱ्या घरांची नावं असतात.

स्वतःच्या साइटची तूट स्वतः कशी मोजायची, ती मोजताना दुसऱ्या कारणांशी गल्लत कशी टाळायची आणि मग काय करायचं, ते आता क्रमाने पाहू. कोडिंग यायची गरज नाही. एक लॅपटॉप, साइटच्या होस्टिंगचा पासवर्ड आणि एक मोकळी संध्याकाळ एवढं पुरे.

आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा

ऐकीव माहितीवर जाऊ नका. क्रोममध्ये आपली साइट उघडा आणि एवढं करा:

१. कीबोर्डवरचं एफ १२ बटण दाबा. बाजूला किंवा खाली एक पट्टी उघडेल, तिच्यात 'नेटवर्क' नावाचा टॅब आहे.

२. तो टॅब उघडा ठेवूनच पान पुन्हा लोड करा. ओळींची रांग लागेल. पानासाठी ब्राउझरने बाहेर मागितलेली एकेक गोष्ट म्हणजे एक ओळ: फोटो, फॉन्ट, स्क्रिप्ट (पानात चालणारा छोटा प्रोग्राम).

३. वरच्या फिल्टरच्या चौकटीत 'कलेक्ट' हा शब्द इंग्रजीत टाइप करा. गुगल अॅनालिटिक्स ४ बसवलेलं असेल तर गुगलकडे गेलेली ओळ उरेल आणि तिच्यापुढे २०४ हा कोड दिसेल. 'मिळालं, परत पाठवायला काही नाही' असा त्याचा अर्थ. तुमची भेट मोजली गेली.

आता क्रोमला यूब्लॉक ओरिजिन लाइट हे अॅड ब्लॉकरचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी भर) जोडा, किंवा फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन बसवा, आणि हेच पुन्हा करा. 'कलेक्ट'ची ओळ गायब झालेली दिसेल. फिल्टर पुसून पूर्ण यादी बघितली, तर गुगलची स्क्रिप्ट मागणारी ओळ लाल असेल आणि ब्राउझरमधल्याच एका साधनाने ती अडवल्याची नोंद असेल. काही वेळा ओळ लाल होत नाही. खऱ्या स्क्रिप्टच्या जागी एक पोकळ फाइल बसवलेली असते, म्हणजे स्क्रिप्ट न मिळाल्यामुळे पान मोडत नाही, पण निरोपही जात नाही. दोन्हीकडे तुमचं पान मात्र व्यवस्थित उघडलेलं असतं, फोटो आलेले असतात, फोन नंबरही दिसत असतो.

हा लाल रंग क्लासच्या किंवा दुकानाच्या मालकाला एकदा समोर बसवून दाखवा. पुढचं सगळं समजावणं सोपं जातं.

नेमकं कोण काय अडवतं

'अॅड ब्लॉकर' म्हणून आपण ज्या गोष्टी एकत्र मोजतो, त्या चार वेगळ्या आहेत आणि रिपोर्टावर त्यांचा परिणामही वेगळा होतो.

पहिली म्हणजे एक्स्टेन्शन. ती याद्यांवर चालतात. जाहिरातींची जगभर वापरली जाणारी यादी म्हणजे ईझीलिस्ट, आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टची यादी म्हणजे ईझीप्रायव्हसी. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची निम्मी गल्लत इथेच होते. २००६ पासून चालत आलेलं अॅडब्लॉक प्लस बसवल्या-बसवल्या जाहिराती अडवतं. त्यातही २०११ पासून 'स्वीकारार्ह' ठरवलेल्या जाहिराती ते सोडतं, आणि ट्रॅकिंगची यादी वापरणाऱ्याने वेगळी सुरू करावी लागते. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये आणलेलं यूब्लॉक ओरिजिन मात्र पहिल्या मिनिटापासून दोन्ही याद्या लावतं. म्हणून एखाद्याने जाहिराती बंद केल्या म्हणजे तो अॅनालिटिक्समधूनही गेला, असं होत नाही. उलट, कडक मोडवर फायरफॉक्स चालवणारा माणूस एकही एक्स्टेन्शन न बसवता अॅनालिटिक्समधून निसटू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्राउझर स्वतः. ब्रेव्ह हा ब्राउझर बसवल्यापासूनच ट्रॅकर, म्हणजे पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट, अडवतो. सफारीची पद्धत वेगळी आहे आणि ती फार कमी लोक लक्षात घेतात. सफारी गुगलचा निरोप जाऊ देतं, पण पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी (वाचक ओळखायची ब्राउझरमधली छोटी नोंद) २०१९ पासून जास्तीत जास्त ७ दिवस टिकू देतं. म्हणजे माणूस मोजला जातो, पण ओळखला जात नाही. मे महिन्याच्या मध्यावर आयफोनवरून सोयाबीनच्या वाणांची माहिती वाचून गेलेला शेतकरी मृगाचा पाऊस झाल्यावर जूनमध्ये परत आला, तर रिपोर्टात तो नवाच माणूस असतो. विचार करून, वेळ घेऊन खरेदी होणाऱ्या धंद्यात 'नवे' आणि 'परत आलेले' यांचा हिशेब यामुळे पार बिघडतो. आयफोनवाले ग्राहक जास्त असतील तर या दोन आकड्यांवर कुठलाही निर्णय घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

तिसरी डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची. अँड्रॉइड ९ पासून फोनच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असा पर्याय आहे. त्यात अॅडगार्डसारख्या सेवेचं नाव टाकलं की ट्रॅकरच्या सर्व्हरचा पत्ताच फोनला सापडत नाही. हे फक्त ब्राउझरपुरतं राहत नाही, अॅपमध्येही चालतं. चौथी म्हणजे ऑफिस किंवा कॉलेजच्या नेटवर्कवरच बसवलेली गाळणी. तिथे एका निर्णयाने पूर्ण लॅब रिपोर्टातून जाते.

आपल्या भागात याचा अर्थ काय? अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसवता येत नाहीत, आणि आपल्याकडचा बहुतेक वाचक तिथलाच. त्यामुळे बाजारभावाच्या साइटवर आडतीतला दर बघणाऱ्या शेतकऱ्यांची गळती कमी असणार, तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांसाठी काढलेल्या साइटवर ती जास्त असणार. परदेशी अहवालातली टक्केवारी उचलून आपल्या साइटला लावू नका. तुमचा वाचक कोण, यावर सगळं अवलंबून आहे.

मोजणी पहिली: रजिस्टर आणि रिपोर्ट शेजारी ठेवा

सगळ्यात भरवशाची मोजणी तुमच्या हातात आधीपासूनच असते: ऑर्डरची यादी, प्रवेशाचे फॉर्म, पावती पुस्तक. अॅड ब्लॉकर ऑर्डर अडवत नाही, फक्त तिची बातमी अडवतो. म्हणून खरी ऑर्डर आणि रिपोर्टातली ऑर्डर यांतला फरक हीच तूट.

समजा, पैठणी विकणारं एक ऑनलाइन दुकान आहे. दिवाळीच्या महिन्यात साइटवर २०० ऑर्डर आल्या आणि अॅनालिटिक्समध्ये १६० दिसतात. तूट २० टक्के. बरेच जण इथेच थांबतात आणि सगळ्या आकड्यांना तेच प्रमाण लावतात. तसं करू नका, ऑर्डर उपकरणानुसार वेगळ्या काढा. वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर प्रत्येक ऑर्डरसोबत ग्राहकाच्या ब्राउझरची ओळख साठवून ठेवतं, ती एक्स्पोर्ट करता येते. आता समजा असं निघालं: मोबाइलवरच्या १५० पैकी १२९ दिसतात, कॉम्प्युटरवरच्या ५० पैकी ३१. मोबाइलची तूट १४ टक्के, कॉम्प्युटरची ३८. रिपोर्ट म्हणतो, कॉम्प्युटरवरून पाचातल्या एकीपेक्षाही कमी ऑर्डर येतात. खरं तर चारातली एक येते.

फोनवर घेऊन तुम्ही स्वतः साइटमध्ये टाकलेल्या ऑर्डर आधी बाजूला काढा. त्या ग्राहकाने साइटवर केलेल्याच नाहीत.

आता मोबाइलच्या त्या १४ टक्क्यांकडे नीट बघा, कारण ते सगळे अॅड ब्लॉकरचे असण्याची शक्यता फार कमी. ग्राहक यूपीआयने पैसे देतो. साइटवरून तो फोनपे किंवा गुगल पेमध्ये जातो, पिन टाकतो, 'पेमेंट यशस्वी' दिसलं की फोन खिशात घालतो. ब्राउझरमध्ये परत येतच नाही. पेमेंट कंपनी तुमच्या सर्व्हरला परस्पर कळवते, ऑर्डर पक्की होते, पण 'धन्यवाद'चं पान उघडतच नाही. अॅनालिटिक्समध्ये खरेदीची नोंद बहुतेक साइट्सवर त्याच पानावर होते. त्यामुळे ही ऑर्डर हरवते आणि ठपका अॅड ब्लॉकरवर बसतो.

हे वेगळं काढायला सोपी युक्ती आहे. फक्त कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डर घ्या आणि त्यांचीच तूट काढा. त्यात ग्राहक दुसऱ्या अॅपमध्ये जात नाही, ऑर्डर दिल्यावर धन्यवादाचं पान समोर येतंच. समजा कॅश ऑन डिलिव्हरीवर मोबाइलची तूट ४ टक्के निघाली, तर उरलेली १० टक्के यूपीआयच्या वाटेवर गळते आहे. ती गळती थांबवायचा उपाय तुमच्या वेब डेव्हलपरकडे आहे.

मोजणी दुसरी: सर्च कन्सोल

साइटवर विक्री होत नसेल, नुसत्या बातम्या किंवा माहिती असेल, तर गुगल सर्च कन्सोल हाताशी घ्या. ते फुकट आहे, ब्लॉगरवरच्या साइटलाही चालतं. शोधाच्या पानावर कुणी तुमच्या दुव्यावर क्लिक केलं की ते गुगल स्वतःच्या पानावर मोजतं. तुमच्या साइटवरची स्क्रिप्ट अडवली गेली तरी हा आकडा सहसा हलत नाही.

सर्च कन्सोलमधले एका पूर्ण महिन्याचे क्लिक घ्या आणि अॅनालिटिक्समध्ये त्याच महिन्यात गुगलच्या शोधातून आलेली सत्रं (एकेक भेट) घ्या. दोन्हीकडे मोबाइल आणि कॉम्प्युटर वेगळे करा. रोजचे आकडे जुळवत बसू नका, कारण सर्च कन्सोलचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने बदलतो आणि आपला दिवस तिथल्या दोन दिवसांत विभागला जातो. महिन्याच्या बेरजेत हा फरक जवळजवळ विरून जातो.

क्लिक आणि सत्र या मुळात वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे दोन्ही आकडे तंतोतंत कधीच जुळणार नाहीत. तुम्हाला बघायचं आहे ते एवढंच, की कॉम्प्युटरकडचं अंतर मोबाइलपेक्षा किती जास्त आहे. ते स्पष्ट मोठं असेल तर कारण बहुधा ब्लॉकर. दोन्हीकडे सारखंच मोठं असेल तर संशय दुसरीकडे न्या.

मोजणी तिसरी: सर्व्हरची वही

तुमचं होस्टिंग सीपॅनेलवर (होस्टिंग सांभाळायचं सॉफ्टवेअर) असेल तर त्यात 'रॉ अॅक्सेस' नावाची जागा आहे. सर्व्हरकडे आलेली प्रत्येक मागणी तिथल्या फाइलमध्ये लिहिलेली असते. एका ओळीत आयपी पत्ता, तारीख-वेळ, मागितलेलं पान, उत्तराचा कोड आणि ब्राउझरची ओळख. ब्राउझरने कितीही ट्रॅकर अडवले तरी पान हवं असेल तर तुमच्या सर्व्हरकडे मागावंच लागतं, म्हणून इथे अॅड ब्लॉकरवाल्यांचीही नोंद होते.

ही फाइल वाचायला गोअॅक्सेस हे मोफत साधन चांगलं आहे. मोजताना फोटो आणि स्क्रिप्टच्या ओळी वगळा, फक्त पानांच्या आणि २०० कोडच्या (म्हणजे पान नीट दिलं गेलं) ओळी धरा. ब्राउझरच्या ओळखीत 'बॉट' (आपोआप फिरणारा प्रोग्राम) असा शब्द असलेल्या ओळी काढून टाका. तरीही स्वतःला साधा ब्राउझर म्हणवणारे बॉट उरतातच. म्हणून वहीचा आकडा ही साधारण वरची मर्यादा समजा आणि अॅनालिटिक्सचा खालची. खरी संख्या या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते.

दोन ठिकाणी फसगत होते. वेगवेगळे आयपी मोजून 'इतकी माणसं' म्हणू नका. मोबाइल कंपन्यांच्या नेटवर्कवर शेकडो फोन एकाच आयपीमागे असू शकतात आणि एकाच फोनचा आयपी दिवसभरात बदलूही शकतो. पानं मोजा, माणसं नको. दुसरं, साइटची पूर्ण पानं एखाद्या सीडीएनच्या (पानांच्या प्रती ठेवून त्या पुरवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याच्या) साठ्यातून दिली जात असतील तर ती मागणी तुमच्या सर्व्हरपर्यंत येतच नाही, मग वही अपुरी ठरते. अशा वेळी सीडीएनच्या डॅशबोर्डवरचे आकडे घ्या.

दोष दुसऱ्याचा, नाव ब्लॉकरचं

यूपीआयचं वर आलंच. आणखी दोन कारणं आपल्या भागात सतत आडवी येतात.

एक म्हणजे नेटवर्क. तालुक्याच्या गावापासून थोडं आत गेलं की पान उघडायला वेळ लागतो. मजकूर आधी येतो, अॅनालिटिक्सची स्क्रिप्ट बहुधा मागून. सोयाबीनचा आजचा दर दिसला, माणूस मागे फिरला, स्क्रिप्ट आलीच नाही. सर्व्हरच्या वहीत भेट आहे, अॅनालिटिक्समध्ये नाही, आणि ब्लॉकरचा काही संबंध नाही. पान हलकं करणं हाच याचा उपाय. दहा-बारा स्क्रिप्ट आणि भलेमोठे फोटो लादलेलं पान परभणीच्या खेड्यातल्या फोनवर उघडून बघा, मग काय काढायचं ते लगेच सुचेल.

दुसरं म्हणजे व्हॉट्सअॅप. ग्रुपमध्ये टाकलेल्या दुव्यावरून आलेला माणूस कुठून आला हे ब्राउझरला बहुतेक वेळा कळत नाही, म्हणून तो 'डायरेक्ट' या खात्यात पडतो. हा माणूस हरवलेला नाही, फक्त चुकीच्या खात्यावर मांडला गेला आहे. इथे ब्लॉकरची तूट शोधू नका.

आणखी एक समज दूर करायला हवा. 'हरवलेले आकडे गुगल अंदाजाने भरून काढतं' असं सर्रास सांगितलं जातं. ती अंदाजाची सोय आहे, पण ती साइट उघडल्यावर कुकीची परवानगी मागणाऱ्या संमतीच्या पाटीवर 'नको' म्हणणाऱ्यांसाठी आहे. तिथे कुकीशिवायचा एक छोटा निरोप तरी गुगलपर्यंत जातो, त्यावरून अंदाज बांधला जातो. ब्लॉकरवाल्याकडून काहीच जात नाही. त्याच्याबाबतीत अंदाजाला आधारच नसतो.

तूट कळली, आता काय

पहिलं काम: दर महिन्याच्या बैठकीतला मुख्य आकडा बदला. 'किती जण आले' ऐवजी किती फॉर्म आले, किती फोन आले, किती ऑर्डर गेल्या हे वर ठेवा. हे आकडे तुमच्या रजिस्टरमधून येतात, त्यात कुणाची गाळणी नाही. फॉर्ममध्ये 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' हा एक प्रश्न ठेवा आणि खाली निवडायला चार-पाच पर्याय द्या: गुगल, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप ग्रुप, नातेवाईक किंवा ओळखीचे, रस्त्यावरचा फलक. आपल्याकडे प्रवेश आजही मोठ्या प्रमाणात 'आमच्या गावची अमुकची मुलगी तिथे होती' यावर ठरतो. कुठलंही ट्रॅकिंग ते सांगू शकत नाही. हा एक प्रश्न सांगतो.

दुसरं: प्रत्येक दुव्याला यूटीएम खूण (माणूस कुठून आला ते सांगणारी, दुव्याच्या शेवटी जोडलेली अक्षरं) लावा. व्हॉट्सअॅपसाठी वेगळा दुवा, इन्स्टाग्रामसाठी वेगळा, पत्रकावरच्या क्यूआर कोडसाठी वेगळा. याचा फायदा अॅनालिटिक्सपुरता नाही. ही खूण पानाच्या पत्त्यातच असते, त्यामुळे सर्व्हरच्या वहीतही उतरते. वहीत 'व्हॉट्सअॅप' खुणेच्या ओळी शोधल्या की ब्लॉकरवाल्यांसकट त्या ग्रुपमधून आलेल्या भेटी मिळतात. एवढ्या कमी कष्टात एवढं देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. अशी खूण कुठल्या दुव्यावरून आला एवढंच सांगते, कुठला माणूस ते सांगत नाही, त्यामुळे ती वापरताना मनात किंतू ठेवायचं कारण नाही.

तिसरं: गुगल अॅनालिटिक्स तुम्हाला खरंच लागतं का, हे विचारा. ज्यांना फक्त कुठलं पान किती वाचलं गेलं एवढंच बघायचं आहे, त्यांना प्लॉझिबल हे मोजणीचं साधं साधन किंवा कुकी बंद करून स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेलं मॅटोमो पुरतं. वाचकाची माहिती जाहिरात कंपनीकडे जात नाही. मात्र ही साधनंही ईझीप्रायव्हसीच्या यादीत सापडतात, तेव्हा 'आता तूट शून्य' असं समजून बदल करू नका. वाचकाला कमी उघडं पाडण्यासाठी बदल करा.

जाहिरात चालू असेल तर आणखी एक गोष्ट. रिपोर्टात विक्री न दिसल्यामुळे कॉम्प्युटरवरची जाहिरात बंद करायची वेळ आली, तर आधी वर काढलेल्या प्रमाणाने तो आकडा दुरुस्त करा. ३१ दिसत असतील आणि १०० पैकी ६२ दिसतात हे माहीत असेल, तर ३१ भागिले ०.६२ म्हणजे ५०. मग खर्च परवडतो की नाही ते ठरवा.

हे करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी

ट्रॅकरला आपल्याच डोमेनचं उपनाव देऊन लपवायचं, स्क्रिप्टचं नाव बदलून यादीतून निसटायचं, किंवा मधे स्वतःचा सर्व्हर ठेवून तेच निरोप गुगल आणि मेटाकडे (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) पोचवायचे, अशा सेवा 'हरवलेला डेटा परत मिळवा' म्हणून विकल्या जातात. सर्व्हरमार्फत निरोप पाठवणं हे तंत्र स्वतः वाईट नाही. संमती दिलेल्या ग्राहकाची पक्की ऑर्डर सर्व्हरवरून नोंदवायला, यूपीआयची ती गळती भरायला, ते उपयोगीच आहे. पण ज्याने मुद्दाम एक्स्टेन्शन बसवून 'माझ्यावर पाळत नको' असं सांगितलं, त्याला चकवायला ते वापरणं म्हणजे त्याचा नकार पायदळी तुडवणं. तो तुमचा ग्राहक आहे, तुमच्या मुलांचा शिक्षक असेल, शेजारी असेल. शिवाय हे फार टिकतही नाही. फायरफॉक्सवरचं यूब्लॉक ओरिजिन असं उपनावामागचं खरं नाव २०२० पासून उघडं पाडतं. आणि ट्रॅकर तुमच्याच डोमेनखाली आला की तुमच्या लॉगिनच्या कुकी त्याच्या हाती लागण्याचा धोका उभा राहतो.

'अॅड ब्लॉकर बंद करा, मगच वाचा' अशी भिंतही घालू नका. स्थानिक बातमीच्या पोर्टलला वाचक दुसरीकडे जायला एक क्षण लागत नाही.

क्लासचालकांनी हे थांबून वाचावं

लातूर पॅटर्नच्या नावावर बीड, धाराशिव, नांदेड, परभणीतून दहावी झालेली मुलं येतात. म्हणजे तुमच्या साइटवर येणारी बरीच मुलं १८ वर्षांखालची आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि बालकांवर पाळत ठेवणं, त्यांच्या वागण्याचा माग काढणं, त्यांच्यावर नेम धरून जाहिरात करणं याला मनाई आहे. बालकांविषयीच्या जबाबदाऱ्या मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. शैक्षणिक संस्थांना नियमांत जी सूट आहे ती शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता एवढ्यापुरती. प्रवेशाचं पान बघून गेलेल्या मुलाच्या इन्स्टाग्रामवर आठवडाभर जाहिरात दाखवत राहणं त्यात बसवता येईल, असं मला वाटत नाही.

म्हणून प्रवेशाच्या फॉर्मवरून मेटाचा पिक्सेल, म्हणजे जाहिरातीसाठी माग काढणारी स्क्रिप्ट, आजच काढा. त्यात 'ऑटोमॅटिक अॅडव्हान्स्ड मॅचिंग' चालू असेल तर फॉर्ममध्ये भरलेला फोन नंबर आणि ईमेल सांकेतिक रूपात मेटाकडे जातो. फॉर्मवर मुलीचा नंबर लिहिणाऱ्या आईला हे माहीत नसतं. कायद्यानुसार संमती मागताना द्यायची सूचना मराठीतूनही उपलब्ध ठेवावी लागते, तेव्हा ती नीट, साध्या मराठीत लिहा. इंग्रजी मजकुराचं मशीनने केलेलं भाषांतर चिकटवू नका.

पोर्टलवर जाहिराती चालवत असाल तर

गुगलच्या जाहिराती अडवल्या गेल्या की त्या दिसत नाहीत, मोजल्या जात नाहीत आणि पैसेही मिळत नाहीत. स्थानिक पोर्टलसाठी माझा आग्रह थेट जाहिरातीचा आहे. गावातल्या सराफाची, खताच्या दुकानाची, मंगल कार्यालयाची साधी स्थिर प्रतिमा तुमच्याच सर्व्हरवरून दाखवा, वर ठळक 'जाहिरात' लिहा, दर महिन्याचा ठरावीक दर घ्या. तिच्यात पाळत नाही, पान जड होत नाही, आणि दुकानदाराला ती स्वतःच्या फोनवर दिसते. अशी प्रतिमा 'अॅड्स' किंवा 'बॅनर' नावाच्या फोल्डरात ठेवली तर यादीतले सरसकट नियम तिलाही उडवू शकतात, म्हणून फाइलला दुकानाचं नाव द्या. तरीही कुणी ती लपवली तर लपवू द्या. दुकानदाराला आकडा द्यायचा असेल तर जाहिरातीतल्या दुव्याला यूटीएम खूण लावा किंवा त्या जाहिरातीसाठी वेगळा फोन नंबर छापा.

ही सगळी मोजणी एकदा करून विसरायची नाही. साइटचं थीम बदललं, संमतीची पाटी लावली, पेमेंट कंपनी बदलली की जुनं प्रमाण निरुपयोगी होतं. क्लासवाल्यांनी दहावीच्या निकालाआधी, बियाणेवाल्यांनी मे महिन्यात, कपड्यांच्या दुकानदारांनी दसऱ्याआधी नव्याने मोजावं, आणि निघालेलं प्रमाण तारखेसह हिशेबाच्या वहीतच लिहून ठेवावं. एजन्सीचा पुढचा रिपोर्ट आला की त्यातला कॉम्प्युटरचा आकडा आणि मोबाइलचा आकडा वेगवेगळा मागावा, आणि प्रत्येकाशेजारी आपलं प्रमाण मांडावं.